आहेराची वही आणि मातीचं मडकं



लग्नसराई सुरू झाली की कर्जत तालुक्यातल्या वस्त्यांमधून आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. आहेर काय न्यायचा? रोजंदारीवर जगणाऱ्या घरात एका महिन्यात पाच-सहा पत्रिका येऊन पडतात. पाकिटात किती घालायचे, साडी घ्यायची की भांडं, गेल्या वर्षी त्यांनी आपल्याला काय केलं होतं, याचा हिशेब रात्री चुलीपाशी बसून होतो. हिशेब जमला नाही तर 'रिकाम्या हाताने कसं जायचं' म्हणून माणूस लग्नाला जायचंच टाळतो. पैसे नाहीत म्हणून आपल्याच भावकीतल्या पोरीच्या लग्नाला न जाणं ही आम्हाला किरकोळ गोष्ट वाटत नाही. समाज तुटतो तो अशाच जागी तुटतो.

म्हणून हा प्रश्न आपण थट्टेवारी नेऊ नये. त्याला इतिहास आहे. नव्या जोडप्याला काय द्यायचं, कोणी द्यायचं आणि त्याच्या बदल्यात काय मागायचं, यावर सत्यशोधकांपासून बाबासाहेबांपर्यंत आपल्या माणसांनी विचार केला आहे, त्यासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत, कायदे झाले आहेत. आमचं म्हणणं एवढंच आहे की देणाऱ्याला कर्जात न ढकलणारी, घेणाऱ्याला मिंधं न करणारी आणि नवरा-बायको दोघांना बरोबरीनं उभं करणारी भेट हीच आपल्या परंपरेची भेट. बाकीचं आपण दुसऱ्यांचं पाहून उचललेलं आहे.

गावगाड्यातला आहेर

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला. बलुतेदारीची ती व्यवस्था आपल्या आजी-आजोबांनी अंगावर सोसली आहे. पाटलाच्या घरी लग्न निघालं की महारानं लाकडं फोडायची, गावोगावी निरोप पोचवायचा, मांडवाची राखण करायची. मोबदला काय? उरलंसुरलं अन्न आणि एखादं जुनं धडुतं. गावाच्या भाषेत हा महाराचा 'हक्क' होता. खरं पाहिलं तर ती त्याच्या श्रमाची मजुरी होती, पण ती उपकार म्हणून वरून टाकली जायची. मजुरीला दानाचं रूप दिलं की घेणाऱ्याला तोंड वर करून मागता येत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं, त्यामागे हीच जाण होती. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा व्हायला पुढे १९५८ साल उजाडलं.

वस्तीच्या आतला आहेर मात्र वेगळा होता. तिथे देणारे आणि घेणारे एकाच पायरीवरचे. कोणी पायलीभर ज्वारी आणायचं, कोणी तांब्या, कोणी लुगडं. कोणी काहीच आणलं नाही तर दोन दिवस पाणी भरायचं. एका घराला न पेलणारं कार्य दहा घरं मिळून पेलायची. आहेराची वही याच व्यवहारातून आली. कोणी काय केलं ते लिहून ठेवायचं, म्हणजे त्याच्या घरी कार्य निघेल तेव्हा परत करता येतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली भेटवस्तूंवरच्या आपल्या निबंधात दाखवलं की भेटीच्या पाठीशी तीन बंधनं असतात : देण्याचं, घेण्याचं आणि परत करण्याचं. आपल्या आयांना हे मॉस न वाचता ठाऊक होतं. वहीत शंभर लिहिले की पुढच्या वेळी एकशे एक करायचे, हा तोच नियम.

ही वही जोवर ज्वारी आणि तांब्याची होती, तोवर ती गरिबांची भिशी होती. आकडे वाढत गेले, त्यात टीव्ही, फ्रिज, गाडी, तोळे आले, तशी तीच वही सावकाराची झाली.

कर्ज कोणी केलं?

इथे एक खबरदारी घेतली पाहिजे. 'हे लोक लग्नात उधळपट्टी करतात म्हणून गरीब राहतात' हे वाक्य आपण फार ऐकलं आहे. ते जुनं आहे आणि खोटं आहे.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. ते लोण नगर जिल्ह्यात आलं, आपल्या कर्जत भागातही पोचलं. सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. शेतकरी कर्जबाजारी का, तर लग्नकार्यात खर्च करतो म्हणून, असं तेव्हाही साहेबांपासून भटजींपर्यंत सगळे म्हणत होते. आयोगाचा निष्कर्ष असा आला की लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. जोतीरावांनीही 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये हा आरोप खोडून काढला. शेतकऱ्याच्या लग्नात असतं काय, हे त्यांनी तपशिलानं मांडलं आणि शेतसारा, सावकार, कोर्ट आणि कामगार भट यांच्याकडे बोट दाखवलं.

तेव्हा साधेपणाचं प्रवचन गरिबाला द्यायचं आणि व्यवस्थेला मोकळं सोडायचं, हे आपलं काम नाही. आज नगर-बीड पट्ट्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे पाहा. मुकादम नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' धरतो आणि हंगामाआधी त्या कोयत्याला उचल देतो. म्हणजे जोडपं झालं की ते कामाचं एकक होतं आणि त्याच दिवशी कर्जाचं खातंही होतं. लग्नासाठीच उचल घेतली असेल तर संसाराची पहिली दोन-तीन वर्षं फडात फेडण्यात जातात. अशा जोडप्याला आपण मांडवात भिंतीवरचं घड्याळ देऊन येतो. फेडायच्या पैशातला एक रुपयाही त्यानं कमी होत नाही.

हे व्यवस्थेचं झालं. अनुकरणाचं काय? बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात खालपर्यंत पसरली ती अनुकरणानं, वरच्याचं पाहून खालच्यानं केलं, असं त्यांनी त्यात गॅब्रिएल तार्दचा आधार घेऊन मांडलं होतं. लग्नातला थाट नेमका तसाच उतरतो. बागायतदाराच्या घरी हत्तीवरून वरात निघाली की कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात डीजे येतो, आणि डीजे आला की भूमिहीनाच्या वस्तीत प्री-वेडिंगचं शूटिंग. ज्यांच्या मांडवाबाहेर आपले आजोबा उष्ट्यासाठी बसले, त्यांच्याच मांडवाची नक्कल आपण उचल घेऊन करतो आहोत. गरिबीबद्दल आपण कोणाला दोष देणार नाही, पण ही नक्कल सोडायला कोणाची परवानगी लागत नाही.

सुपारीपासून मडक्यापर्यंत

नक्कल नाकारण्याची आपली परंपरा दीडशे वर्षांची आहे. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. वर सीताराम आल्हाट, वधू राधा. भटजी नाही, दक्षिणा नाही, हुंडा नाही, खर्च जवळपास पानसुपारीपुरता. सावित्रीबाई त्या लग्नात पुढाकार घेऊन उभ्या होत्या. जोतीरावांची मंगलाष्टकं १८८७ मध्ये छापली गेली. त्यात वधू वराकडे दागिना मागत नाही, स्त्रियांच्या हक्कांचं वचन मागते, आणि वर ते देतो. मंडपात जमलेल्या सगळ्यांसमोर नवऱ्यानं बायकोला दिलेली ही पहिली भेट. तिला पैसा लागत नाही, आणि ती निभावायला आयुष्य लागतं.

ही साधी लग्नं समोरच्याला साधी वाटली नाहीत. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील यांनी भटाविना लग्न लावलं म्हणून ग्रामजोशी दक्षिणेचा हक्क सांगत कोर्टात गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि तिथे जोशीबुवांचा दावा टिकला नाही. दक्षिणा ही स्वखुशीची भेट नसून वसुली होती, हे त्या दाव्यानंच सिद्ध केलं. आपल्या नगर जिल्ह्यात हा विचार मुकुंदराव पाटलांनी नेला. १९१० पासून पुढे पन्नासहून जास्त वर्षं नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून त्यांनी 'दीनमित्र' चालवला. खेड्यातल्या माणसाला लग्नाकार्यातली लूट समजावून सांगणारं वर्तमानपत्र खेड्यातच छापलं जात होतं, ही आपल्या जिल्ह्याची मोठी गोष्ट आहे. ती आपल्याच पोरांना माहीत नसते.

या वाटेचा पुढचा टप्पा १९५६ चा. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. लाखो लोकांनी जुने विधी सोडले, पण मग लग्न लावायचं कसं? कर्डक यांनी विचारलेल्या या प्रश्नाला बाबासाहेबांनी ४ डिसेंबर १९५६ ला पत्रानं उत्तर दिलं. होम नाही, सप्तपदी नाही. मातीचं एक कोरं मडकं पाण्यानं काठोकाठ भरून पाटावर मधोमध ठेवायचं, त्यात सुताचा धागा सोडायचा, एक टोक वधूच्या हातात, एक वराच्या. कोणीतरी मंगल सुत्त म्हणायचं. दोघांनी पांढरे कपडे घालायचे. झालं लग्न.

तारीख पुन्हा वाचा. ४ डिसेंबर. दोनच दिवसांनी बाबासाहेब गेले. एवढ्या आजारपणात, धम्मग्रंथाचं काम हातात असताना, त्यांना एका लग्नविधीचं पत्र लिहिणं महत्त्वाचं वाटलं. आणि त्या विधीला लागणारं सामान पाहा : मडकं, धागा, पाणी. कुंभाराकडे जाऊन कोणीही गरीब आणू शकेल असं. आज आपल्या लग्नांत ते मडकं असतं, पण डीजेच्या भिंतीमागे दिसेनासं झालेलं असतं.

पुस्तक, अर्पणपत्रिका आणि कायदा

भेट स्वस्त असून मोठी कशी असते याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. गुरुजींनी समोरच्या मुलाला नीट ओळखलं होतं, म्हणून ते पुस्तक दिलं. एकोणपन्नास वर्षांनी नागपुरात जे घडलं त्याच्या मागे ती भेट आहे.

आणि नवऱ्यानं बायकोला द्यायची भेट? माता रमाई २७ मे १९३५ ला गेल्या. त्यांच्या हयातीत बाबासाहेब त्यांना सुखाचे दिवस फार देऊ शकले नाहीत. १९४० च्या डिसेंबरमध्ये 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ तयार झाला, तो त्यांनी आपल्या 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला. तिच्या मनाचा चांगुलपणा, तिचं धैर्य, हालअपेष्टांत तिनं दिलेली साथ, हे त्यांनी पहिल्या पानावर जगासमोर कबूल केलं. किती नवरे आपल्या बायकोचे कष्ट चारचौघांत बोलून दाखवतात? वाढदिवसाला केक आणणं सोपं आहे, हे अवघड आहे.

तिसरी भेट कायद्याची. हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी अशी तरतूद मांडली होती की लग्नात हुंडा म्हणून आलेली मालमत्ता ही त्या मुलीची विश्वस्त ठेव समजावी आणि सज्ञान झाल्यावर ती तिला मिळावी. बिल अडवलं गेलं, २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पण तो विचार मेला नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम ६ मध्ये तोच आहे : हुंडा कोणीही घेतला तरी तो त्या स्त्रीच्या हितासाठी विश्वस्त म्हणून धरलेला असतो आणि तिला द्यावाच लागतो. १९८५ चे नियम तर थेट आपल्या आहेराच्या वहीशी जुळतात. न मागता आलेल्या भेटींची यादी लग्नाच्या वेळी किंवा लगेच नंतर लिहायची. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं नोंदवायचं. वधूला आलेल्या भेटींची यादी वधूनं ठेवायची, वराला आलेल्यांची वरानं, आणि दोन्ही याद्यांवर दोघांच्या सह्या किंवा अंगठे. किती मांडवांत हे होतं? घरात भांडण होऊन मुलगी माहेरी येते तेव्हा 'ही कॉटही आमची' इथपासून वाद सुरू होतो आणि कागद कोणाकडेच नसतो.

धम्म काय सांगतो

सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीबद्दलची पाच कर्तव्यं सांगितली आहेत. तिचा सन्मान करणं, तिची अवहेलना न करणं, तिच्याशी एकनिष्ठ राहणं, घरातला अधिकार तिच्या हाती देणं आणि पाचवं, तिला अलंकार देणं. क्रम ध्यानात घ्या. भेट आहे, पण ती पाचवी आहे. पहिली चार न पाळता पाचवी दिली तर ती लाच होते. बायकोला हात लावणारा नवरा दुसऱ्या दिवशी साडी आणतो, ती भेट नव्हे.

विशाखेची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. बापानं लग्नात दिलेला कोट्यवधींचा महालता अलंकार तिनं विकायला काढला, गिऱ्हाईक मिळेना तेव्हा त्याची किंमत स्वतःच भरली आणि त्या पैशातून श्रावस्तीला पूर्वाराम विहार उभा केला. आपल्या मिळालेल्या भेटीचं काय करायचं हे तिनं स्वतः ठरवलं, कथेतला हा भाग आपण विसरतो. आणि कार्ल्याच्या लेण्यात जा. खांबाखांबांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत. एवढं प्रचंड चैत्यगृह एकट्या राजानं बांधलं नाही, कोणी एक खांब दिला, सिंहदत्त नावाच्या गंध्यानं दाराचा खर्च दिला. प्रत्येकानं आपल्या ऐपतीचा एक भाग उचलला.

मग न्यायचं काय?

हल्ली शहाणी मंडळी पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात. आम्हाला हे पूर्ण पटत नाही. ज्याचं पोट भरलेलं आहे त्यानं तसं खुशाल छापावं. पण ज्या घरात गॅसची शेगडीही नाही, त्या जोडप्याला समाजाचा हात लागणारच आहे. आहेर बंद करू नका, त्याचं वळण बदला.

पहिलं, कार्ल्याच्या दात्यांसारखं एकत्र या. वस्तीतल्या वीस घरांनी वीस फ्रेमा आणि वीस लेमनसेट देण्यापेक्षा जोडप्याला आधी विचारावं आणि सगळ्यांनी मिळून एक कामाची वस्तू घ्यावी. शिलाई मशीन असेल, पिठाची छोटी गिरणी असेल, दोन शेळ्या असतील, मुलीची राहिलेली परीक्षा फी असेल. कोणी पन्नास दिले, कोणी पाचशे, यादीत नावं सगळ्यांची सारखी, आकडे लिहायचेच नाहीत. कायद्याच्या यादीत वस्तूचं वर्णन, तिची एकूण अंदाजे किंमत आणि देणाऱ्यांची नावं व नातं लिहायचं. परतफेडीची स्पर्धा तिथेच मोडते.

दुसरं, भेट कोणाच्या नावावर आहे ते पाहा. रोख रक्कम द्यायची असेल तर वधूच्या किंवा दोघांच्या संयुक्त खात्यात जमा करा. 'मग बाईनं दागिना घ्यायचाच नाही का?' असं आमच्या आया-मावश्या विचारतात. घ्यावा. गरीब घरात बाईजवळचं ग्रॅम-दोन ग्रॅम सोनं हीच तिची एकमेव बँक असते. फक्त ते तिच्या ताब्यात राहावं आणि यादीत लिहिलेलं असावं.

तिसरं, बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो जरूर द्या, पण एकाच घरात दहा फोटो झाले तर नऊ माळ्यावर जातात. अभिवादनाला 'एक वही, एक पेन' न्यायची चांगली रीत आपण पाडली, तशी लग्नालाही एक पुस्तक न्यायची पाडू या. दहा मित्रांनी ठरवून दहा वेगवेगळी पुस्तकं दिली तर नव्या घरात पहिल्याच दिवशी छोटं ग्रंथालय होतं. पहिल्या पानावर चार ओळी लिहा, वधू-वर दोघांची नावं घालून.

चौथं, पैसा मुळीच नसेल तर साक्षीदार व्हा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानं विवाह नोंदणी करावी लागते, खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते आणि तीन साक्षीदार लागतात. नोंदणीअभावी पुढे पोटगी, वारसा, योजना सगळीकडे बाई अडते. जोडप्यासोबत अर्धा दिवस जाऊन कागद पुरा करून देणं हा आहेरच आहे.

आंतरजातीय जोडप्यांसाठी तर याचं मोल जिवाइतकं आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते आणि तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते तीस दिवस त्या दोघांनी कुठे काढायचे? आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यात, खर्ड्याला, २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या पोराला वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारून टाकलं, आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. अशा जिल्ह्यात जातीबाहेर लग्न करणाऱ्यांना आधी निर्धास्त झोपायला छप्पर हवं असतं, मग बाकी सगळं. राज्यात अशा जोडप्यांना पन्नास हजारांचं अर्थसाहाय्य आहे, जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात अर्ज करावा लागतो. तो अर्ज भरून देणारा मित्र मोठा आहेर करतो. जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह असं बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलं. आपण ते वाचतो, भाषणात सांगतो, आणि सही करायची वेळ आली की घरचं कारण पुढे करतो.

साथींनो, येत्या सराईत आपापल्या वस्तीत एवढं करून पाहा. पत्रिका आली की विहारात एक बैठक घ्या, जोडप्याला काय लागतं ते त्या दोघांना विचारा, मुलीला वेगळं विचारा, आणि मिळून ठरवा. ज्यांच्याकडे द्यायला काही नाही त्यांना आवर्जून मांडवात पुढे बसवा. मडकं भरायला पाणी कोणीही आणू शकतं.

जयभीम! नमो बुद्धाय!